जुनी जीप, मोठी चाकं आणि आरटीओ : बीडच्या डोंगरवाटांसाठी गाडी ‘मॉडिफाय’ करताना नेमकं काय बदलायचं?

पहिला मोठा पाऊस पडला की मराठवाड्यातल्या रिल्सचा रंग बदलतो. सौताड्याचा धबधबा, कपिलधार, बालाघाटच्या हिरव्या झालेल्या टेकड्या आणि त्यातून चिखल उडवत जाणारी एखादी जुनी जीप. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, गुडघ्याच्या वर येणारी चाकं. खाली कमेंटमध्ये दोनच प्रश्न असतात: ‘किती खर्च आला भाऊ?’ आणि ‘पोलीस धरत नाहीत का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. जुन्या फोर बाय फोर गाडीत जे बदल रिलमध्ये सगळ्यात जास्त दिसतात, त्यातले बरेचसे कायद्यात अडकतात. आणि ज्या कामांमुळे गाडी खरोखर डोंगरातून सुखरूप जाते आणि परत येते, ती कामं सहसा कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.

एमएच-२३ किंवा एमएच-४४ पासिंगची जुनी जीप घेऊन ती वाटेला लावायचा विचार असेल, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे समजून घेऊया.

जुनी जीपच का?

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत अमेरिकन विलिज जीप जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही गाडी पुढे भारतात सरकारी खात्यांची, लष्कराची आणि बागायतदारांची गाडी झाली. सीजे ३बी, मेजर, एमएम ५४० ही सगळी तिचीच पुढची पिढी. एमएम ५४० मध्ये प्यूजो कंपनीच्या आराखड्याचं २,११२ सीसी डिझेल इंजिन असायचं. १९८५ च्या डिसेंबरमध्ये मारुतीची जिप्सी आली आणि हलकी, पेट्रोलवर चालणारी दुसरी फोर बाय फोर लोकांना मिळाली. २०१० मध्ये पहिली थार आली, २०२० मध्ये ती पूर्ण नव्या रूपात आली.

नवीन थारची किंमत सगळ्यांना झेपत नाही. शिवाय जुन्या जीपची रचना सोपी आहे. खाली शिडीसारखी मजबूत चासी, तिच्यावर बॉडी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांचं सस्पेन्शन. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा तिचं बरंचसं काम करू शकतो.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी साध्या एसयूव्हीकडे नसते: ‘लो’ गिअर. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा दुसरा छोटा गिअरबॉक्स असतो. त्याचा दांडा ‘लो’मध्ये टाकला की विलिजच्या वंशातल्या जीपमध्ये चाकांना मिळणारी ताकद साधारण अडीच पट होते आणि वेग तेवढाच कमी होतो. दगडांवरून मुंगीच्या पावलाने चढायला आणि ब्रेक न तापवता उतरायला हाच दांडा लागतो.

प्रत्येक जीप फोर बाय फोर नसते

बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं काळी-पिवळी धावली. कमांडर, मार्शल, मॅक्स अशा गाड्यांनी गावंच्या गावं बाजाराला आणि दवाखान्यात नेली. त्या दिसायला जीप, पण त्यातल्या बहुतेकांच्या फक्त मागच्या चाकांना ताकद जायची. अशी जुनी गाडी ‘जीप आहे, फोर बाय फोर करून घेऊ’ म्हणून विकली जाते.

यात दोन अडचणी आहेत. पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस आणि शाफ्ट बसवणं म्हणजे गाडीची मूळ रचना बदलणं. ते आरसीशी जुळत नाही. शिवाय भंगारातून जमवलेले हे भाग एकमेकांशी मेळ खातीलच असं नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर वेगळं निघालं, तर फोर बाय फोर टाकल्याबरोबर दोन्ही एकमेकांशी भांडायला लागतात आणि काहीतरी तुटतं.

म्हणून गाडी बघताना आधी खाली वाकून पुढचं हाऊसिंग बघायचं. मोकळ्या मातीवर दांडा टाकून पुढची चाकं खरोखर ओढतात का, ते तपासायचं. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघायचे. लष्कराच्या लिलावातली म्हणून विकली जाणारी जीप असेल, तर लिलावाचे आणि नंतरच्या नोंदणीचे कागद हातात आल्याशिवाय इसार द्यायचा नाही. परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून नोंदणीची, फिटनेसची आणि विम्याची मुदत बघता येते.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात?

हा सोशल मीडियावरचा कायमचा गैरसमज आहे. दिल्ली आणि परिसरात जुन्या गाड्यांबाबत वेगळे आदेश आहेत, त्यावरून तो पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ पंधरा वर्षांची झाली म्हणून भंगारात घालावी लागत नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून ती चालवण्यालायक असल्याचं आरटीओने मान्य केलं की दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. पण ते आता महाग झालंय. पूर्वी खासगी चारचाकीचं नूतनीकरण ६०० रुपयांत व्हायचं. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा दर आणला आणि हलक्या चारचाकीसाठी तो १०,००० रुपये केला. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. २०२५ मध्ये राज्यात तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, पण सक्ती रद्द झाली नाही.

जुनी जीप ठेवणं बेकायदेशीर नाही, मग नेमकी अडचण कुठे येते? तर दर पाच वर्षांनी ती आरटीओसमोर उभी करावी लागते, तेव्हा. कारखान्यातून निघालेली जीप आणि समोर उभी असलेली जीप वेगळी दिसली, तर पासिंग तिथेच अडतं. मॉडिफिकेशनचा हिशेब करताना हा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: आरसीवर जे तपशील आहेत, ते कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल म्हणजे ‘फेरफार’, अशी व्याख्याही याच कलमात आहे. सीएनजीसारखं दुसरं इंधन वापरण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणं, हा अपवाद ठेवलाय.

या कलमावर ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आला. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे फेरफाराला मोकळीक दिली होती. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या खंडपीठाने ती काढून घेतली. कंपनीने ज्या नमुन्यासाठी मान्यता घेतली, त्याच्याशी विसंगत रचना करता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. पण कायद्याने प्रत्येक स्क्रू बांधून ठेवलेला नाही. मूळ स्वरूप न बदलणारे किरकोळ बदल यात येत नाहीत. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करून तो बदलता येतो.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. नियमात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यात ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चार बदल सापडले तर दंडही चार वेळा.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवलं होतं. असे गार्ड कलम ५२ चं उल्लंघन आहेत, त्यांच्यावर कारवाई करा, असं त्यात सांगितलं होतं. गार्ड आपल्या गाडीला वाचवतो असं वाटतं, पण धडकेत समोरच्या पायी माणसाला किंवा दुचाकीस्वाराला त्या पाइपाचा मार जास्त लागतो. सायलेन्सर काढून आवाज वाढवणं हा आणखी वेगळा गुन्हा. कलम १९० नुसार आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं.

इंजिन बदलण्याचं वेड सगळ्यात धोक्याचं. जुन्या प्यूजो इंजिनाच्या जागी दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवणारे मिस्त्री सहज सापडतात. पण इंजिनाचा नंबर, क्षमता आणि इंधन, सगळं आरसीवर असतं. परवानगी आणि नोंद नसेल, तर पासिंगला गाडी अडते. ते इंजिन कुठून आलं याचा कागद नसेल, तर प्रश्न फक्त आरटीओपुरता राहत नाही.

बीडची जमीन एक नाही, दोन आहेत

‘ऑफ-रोड टायर’ म्हणून जी एकच वस्तू विकली जाते, ती इथे फसते. कारण बीड जिल्ह्यात दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत.

जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, अंबाजोगाईचा डोंगरभाग म्हणजे खडक, मुरूम, सुटे धोंडे आणि पाणी वाहून गेल्यावर उघड्या पडलेल्या घळी. उत्तरेला गोदावरीच्या काठाने गेवराई, माजलगाव, परळीकडे गेलं की काळी, चिकट, खोल माती.

खडकाळ भागात टायरच्या बाजूची भिंत जाड लागते, कारण धारदार दगड तिथेच टायर फाडतो. काळ्या मातीत टायरच्या खाचा रुंद लागतात, नाहीतर चिखल खाचांत थापून बसतो आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. दोन्हीसाठी एकच टायर उत्तम, असं होत नाही. आणि त्याच टायरवर गाडीला सोलापूर-धुळे महामार्गावरून मांजरसुंब्याचा घाटही उतरायचा असतो. रुंद खाचांचा मड टायर ओल्या डांबरावर कमी पकडतो. गाडी जर ऐंशी टक्के वेळ डांबरावर आणि मुरमाच्या रस्त्यावर चालणार असेल, तर कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापातला ऑल-टेरेन टायर बहुतेकांना पुरतो.

काळ्या मातीबद्दल शेतकऱ्याला जे कळतं, ते कुठल्याच टायरच्या जाहिरातीत नसतं. वाफसा नसेल तर रानात औत घालत नाहीत. जीपलाही तोच नियम. ओल्या काळ्या रानात अडकलेली जीप काढायला शेवटी ट्रॅक्टरच येतो. शिवाय चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढचे कित्येक महिने कुणाच्या तरी शेतात किंवा पाणंद रस्त्यात राहतात.

मोठी चाकं आणि उंची: हिशेब मांडून बघा

समजा मूळ टायरची उंची २८ इंच आहे आणि ३१ इंचांचा टायर चढवला. तीन इंच वाढले, पण जमिनीपासून अ‍ॅक्सलची उंची वाढली फक्त दीड इंच. कारण टायर मोठा झाला की त्याचा अर्धा भाग अ‍ॅक्सलच्या वर जातो.

या दीड इंचाची किंमत बघा. टायरचा घेर सुमारे अकरा टक्के वाढला, म्हणजे गिअर तेवढे ‘लांब’ झाले. साठेक हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन चढावर आणखी दमतं. स्पीडोमीटर ५० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ५५ ने पळते. चाक जड झालं, पण ब्रेक तेच जुने ड्रमचे. घाट उतरताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते. स्टिअरिंग, बेअरिंग आणि शाफ्टचे क्रॉस, सगळ्यांवर न ठरलेला भार येतो.

आता ‘लिफ्ट’. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा शॅकल लांब करून बॉडी वर उचलतात. गाडी उंच दिसते, पण अ‍ॅक्सलच्या मधला सगळ्यात खालचा गोळा, म्हणजे डिफरन्शिअलचं हाऊसिंग, जिथे होता तिथेच राहतो. दगड नेमका तिथेच लागतो. लिफ्टमुळे चासीखालची जागा वाढते आणि चढ-उताराच्या टोकाला पुढचा-मागचा भाग घासत नाही, हे खरं. पण गाडीचं वजन वर गेलं, की आडव्या उतारावर ती कलंडायचा धोका वाढतो. छोटी, अरुंद, उघडी जीप. मागे आडव्या सीटवर सीटबेल्टशिवाय बसलेली चार-पाच पोरं. अशी गाडी उलटली की कुणाला काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक खास आपल्याकडची सवय: जादा पाटा टाकणं. मालवाहू पिकअपला ओझं झेपावं म्हणून एक-दोन पाटे वाढवायची पद्धत गावोगाव आहे. मिस्त्री जीपलाही तेच सुचवतो. पण डोंगरवाटेला नेमकं उलटं हवं असतं. खड्डा आला की चाकाने खाली लोंबून जमीन पकडायला हवी. पाटे कडक झाले की चाक हवेत राहतं. साध्या डिफरन्शिअलमध्ये हवेतलं चाकच फिरत बसतं आणि जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं. फोर बाय फोर टाकूनही जीप अडकते, ती बऱ्याचदा अशी.

मग पैसे कुठे घालायचे?

जुन्या गाडीचं पहिलं मॉडिफिकेशन म्हणजे ती मूळ स्थितीत आणणं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण फरक इथेच पडतो.

- ब्रेक आणि स्टिअरिंग: ब्रेकचे पाइप, सिलेंडर, लायनर नवे. स्टिअरिंगचा प्ले काढलेला. पुढच्या अ‍ॅक्सलचे किंगपिन बेअरिंग झिजले असतील, तर ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात. टायर मोठे केले की ही थरथर आणखी वाढते.

- पाटे, बुश, शॉकअप: तुटलेला किंवा बसलेला पाटा बदलायचा, वाढवायचा नाही. नवे बुश आणि चांगले शॉकअप टाकले की तीच जीप वेगळी वाटते.

- ट्रान्सफर केस: ‘लो’चा दांडा वर्षानुवर्षं हललेला नसतो. तो मोकळा करून, ऑइल बदलून, महिन्यातून एकदा मातीवर वापरायचा. डांबरावर फोर बाय फोर टाकून वळणं घ्यायची नाहीत. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक सामावून घेणारी सोय नसते, त्यामुळे भार शाफ्टवर येतो.

- हवा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. मऊ माती किंवा वाळू आली की टायरमधली हवा कमी करायची. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, पकड वाढते. धारदार दगडांत मात्र फार हवा काढायची नाही. डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि मीटर हवा.

- टोचनची जागा: पुढे-मागे चासीला नीट बोल्ट केलेले मजबूत हूक. बंपर किंवा गार्डला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढण्याचा प्रकार रोज दिसतो. साखळी ताणली जात नाही, झटका बसला की एकदम तुटते. तुटलेली कडी किंवा उपसलेला हूक गोळीसारखा येतो. योग्य वजनाचा पट्टा वापरायचा आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करायचं.

- अ‍ॅक्सलचे श्वासनळे: अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगला हवा जाण्यासाठी छोटी नळी असते. गरम हाऊसिंग पाण्यात बुडालं की ते या वाटेने पाणी आत ओढतं. नळीला रबरी पाइप जोडून तो वर न्यायचा. खर्च किरकोळ, फायदा मोठा. पाण्यातून गेल्यावर ऑइल दुधाळ दिसलं, तर ते लगेच बदलायचं.

यातली बहुतेक कामं आरसीला धक्का लावत नाहीत, पासिंगला अडत नाहीत. फक्त रिलमध्ये दिसत नाहीत.

स्नॉर्केल लावला म्हणजे पूर पार करता येतो का?

नाही. इंजिनात हवेऐवजी पाणी गेलं, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केल हवा वरून घेतो, म्हणून इंजिन वाचतं. पण गाडी वाहून जाण्यापासून तो वाचवत नाही.

साधारण फूटभर वाहतं पाणी लहान गाडी हलवू शकतं, दोन फूट पाणी जड गाड्याही नेऊ शकतं. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त असते, त्यामुळे गाडी आणखी तरंगते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीडच्या नद्यांनी काय केलं, हे जिल्ह्याने पाहिलंय. आष्टी तालुक्यात अडकलेल्या लोकांना काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. पुलावरून पाणी वाहत असताना ‘आपली फोर बाय फोर आहे’ म्हणून गाडी घालणारा माणूस स्वतःबरोबर त्याला वाचवायला येणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

विम्याचं काय?

बहुतेक जण जुन्या जीपचा फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान मुळातच त्यात येत नाही. पूर्ण विमा असेल, तरी न सांगितलेला फेरफार हे दावा नाकारायचं कारण होऊ शकतं. विमा माहितीच्या भरवशावर दिलेला असतो आणि कंपनीला दिलेली माहिती वेगळ्याच गाडीची असते. आयोजित शर्यतीत गाडी वापरली, तर थर्ड पार्टीच्या बाबतीतही विमा कंपनीला बचाव मिळू शकतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या जीपमधून पैसे घेऊन पर्यटकांना फिरवलं, तर परमिटचा प्रश्न येतो आणि विम्याचाही.

यात सगळ्यात मोठं नुकसान गाडीचं नसतं. अपघातात दुसऱ्या कुणाचा जीव गेला आणि भरपाई मालकावर आली, तर ती जीप विकून फिटत नाही. तेव्हा जमिनीचा तुकडा विकायची वेळ येते.

चालवायची कुठे?

रस्ता नाही म्हणजे ती जागा कुणाची नाही, असं नसतं. बीडमध्ये जंगल आधीच फार थोडं आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. तिथे परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. राखीव वनातही तेच. गायरानं गावाची असतात आणि बांध, पाणंद शेतकऱ्यांच्या. पावसाळ्यात डोंगरउतारावर एकाच जागी चाकं घासली की तिथून माती वाहायला सुरुवात होते.

नद्यांच्या पात्रातली रिल तर हमखास अंगाशी येते. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलच्या लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. पोलिसांनी त्याच व्हिडिओवरून चलन फाडलं. पुरावा कुणी दिला? व्हिडिओ टाकणाऱ्यांनीच.

चालवायला शिकायचं असेल, तर महिंद्राचं इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे. नाहीतर स्वतःच्या किंवा ओळखीच्या रानात, मालकाला विचारून, किमान दोन गाड्या सोबत घेऊन सुरुवात करता येते.

पण मोठी, उंच, वेगळीच गाडी हवीच असेल तर?

तसा मार्ग आहे. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही ऑफ-रोड स्पर्धा भरते. अशा स्पर्धांसाठी खूप बदललेल्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावरून चालवत न आणता ट्रकवर लादून आणणं, हा सरळ उपाय असतो. बंदिस्त जागेत चालवायचं यंत्र वेगळं आणि रस्त्यावरची गाडी वेगळी. एकाच जीपकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की गोंधळ होतो.

कल्पकतेला कायद्यात जागा नाही का, असा प्रश्न यावर येतोच. त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका गोष्टीत आहे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी जीप बनवली. तिला किक मारून चालू करायची सोय होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ व्हायरल झाला. आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केलं, पण सोबत हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर अडवेल. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. हुशारीचं कौतुक झालं, नियम मात्र होता तिथेच राहिला.

नियमावर टीका करायला जागा आहे. सुरक्षित, तपासलेल्या बदलांना मान्यता मिळण्याची सोपी, जिल्हा पातळीवरची वाट सामान्य मालकासमोर नाही. त्यामुळे हौशी माणूस एकतर सगळं सोडून देतो किंवा सगळंच चोरून करतो. चोरून केलेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही आणि त्यातून धोका वाढतो. चांगल्या बदलांना तपासून परवानगी आणि वाईट बदलांना खरी कारवाई, असा मधला रस्ता निघाला तर तो हौशी लोकांच्या आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांच्याही फायद्याचा ठरेल. पण तो निघेपर्यंत दंड, पासिंग आणि विमा आजच्याच कायद्याने ठरणार.

थोडक्यात

जीप घेण्याआधी कागद आणि पुढचा अ‍ॅक्सल बघा. पहिला खर्च ब्रेक, स्टिअरिंग आणि पाट्यांवर. टायर कंपनीने मान्य केलेल्या मापातला, आपल्या जमिनीला साजेसा. हवेचा मीटर, कॉम्प्रेसर, चांगला पट्टा आणि चासीचे हूक. गार्ड, फोडलेला सायलेन्सर आणि परकं इंजिन यांच्या वाटेला जायचं नाही. काहीही बदलण्याआधी आरटीओत विचारायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं.

बालाघाटच्या वाटेवर जीप अडकली, तर टपावरचे दिवे तिला बाहेर काढत नाहीत. ‘लो’चा दांडा, नीट धरणारा ब्रेक, चार चाकांतली बेताची हवा आणि ‘आज नको, वाफसा येऊ दे’ म्हणणारा ड्रायव्हर, एवढं असलं की जीप संध्याकाळी घरी येते. पाच वर्षांनी पासिंगही होते.